नैसर्गिक मारक पेशी आणि कर्करोगावरील प्रतिकारशक्ती-उपचार

नैसर्गिक मारक पेशी किंवा एनके पेशी हा लसिकापेशींचा एक प्रकार होय. रक्तातील लसिकापेशींत त्यांचे प्रमाण साधारणतः ५ ते १५ टक्के असते. पूर्वओळख नसतानाही त्या कर्कपेशी व विषाणुबाधित पेशी नष्ट करू शकतात. ‘नैसर्गिक’ हे विशेषण त्यावरूनच आले.

== शोध व कार्यपद्धती ==

१९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील रॉल्फ किसलिंग, एवा क्लाइन व हान्स विग्झेल यांनी उंदरांतील या पेशींचे वर्णन केले. अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांचे संशोधनही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. या पेशी निरोगी पेशींना का सोडून देतात, याचा उलगडा पुढे १९८०च्या दशकात क्लास कारे यांनी मांडलेल्या ‘हरवलेले स्वत्व’ या गृहीतकाने झाला.

शरीरातील बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग १ ही प्रथिने ओळखपत्रासारखी असतात. टी पेशी कर्कपेशीला ओळखतात त्या याच प्रथिनांवर मांडलेल्या खुणांवरून. म्हणून अनेक कर्कपेशी ती प्रथिनेच नाहीशी करून टी पेशींना चकवतात. एनके पेशींपुढे मात्र ही लबाडी अंगाशी येते. ओळखपत्र दिसले की एनके पेशी आवरली जाते. ते नसले आणि पेशीवर ताणाच्या खुणा असल्या, की ती हल्ला करते. परफोरिन हे प्रथिन लक्ष्यपेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते आणि ग्रॅन्झाइम आत शिरून तिला आत्मनाशास प्रवृत्त करतात.

== उपचारांतील उपयोग ==

रिटुक्सिमॅबसारखी प्रतिपिंड-औषधे कर्कपेशीला चिकटली, की एनके पेशी त्या प्रतिपिंडाचे टोक धरून पेशीला मारतात. या औषधांच्या परिणामाचा काही भाग असा एनके पेशींचा आहे.

अधिक लक्षवेधी उपयोग दात्याच्या पेशींचा आहे. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेली, २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेली कार-टी उपचारपद्धती रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशींवर आधारलेली आहे; त्या तयार होईपर्यंत रुग्णाला थांबावे लागते. परक्या दात्याच्या एनके पेशी सहसा रुग्णाच्या निरोगी ऊतींवर उलटत नाहीत. त्यामुळे त्या आगाऊ तयार ठेवता येतील, अशी आशा आहे.

ह्यूस्टनमधील एमडी अँडरसन कर्करोग केंद्राने नाळेच्या रक्तातील एनके पेशींत जनुकीय बदल करून त्या लसिकापेशींच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ११ पैकी ८ रुग्णांत प्रतिसाद दिसला आणि कार-टी उपचारांत आढळणारे गंभीर दाह व मज्जासंस्थेवरील दुष्परिणाम दिसले नाहीत. मात्र इतक्या थोड्या रुग्णांवरून ठाम अनुमान काढता येत नाही. शिवाय काहींना नंतर इतर उपचारही मिळाले होते.

== मर्यादा ==

घन गाठींच्या बाबतीत यश अद्याप तोकडे आहे. एनके पेशी गाठीत पुरेशा संख्येने शिरत नाहीत आणि शिरल्या तरी तेथील टीजीएफ-बीटा हे प्रथिन त्यांना निष्प्रभ करते. इंटरल्युकिन-१५ चा आधार नसल्यास त्या फार काळ टिकत नाहीत. ह्यूस्टनच्या प्रयोगात त्याचेच जनुक पेशींत घातले होते. गोठवून पुन्हा वितळवल्यावर त्यांची मारकशक्ती घटते, ही अडचण साठवणुकीच्या मुळावरच येते.