दोन टबांचं मशीन

मागचा अख्खा रविवार गच्चीवर गेला. नागपुरात मे महिन्यात गच्चीवर बसणं म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांनी तव्यावरची पोळी डोळ्यासमोर आणावी. निमित्त होतं आमचं जुनं वॉशिंग मशीन. १९९८ च्या दिवाळीत बोनसचे पैसे आणि वर सहा हप्ते असं करून बाबांनी घेतलेलं. दोन टबांचं, सेमी-ऑटोमॅटिक, वरून झाकणं असलेलं. कंपनीचा स्टिकर केव्हाच निघून गेला. आता त्या जागी छोटा भीमचा आहे, तो कोणी चिकटवला हे घरात सगळ्यांना माहीत आहे. असो.

चार वर्षांपूर्वी मिहानमध्ये नोकरी लागली तेव्हा मी आईसाठी समोरून उघडणारं, काचेच्या दाराचं नवं मशीन आणलं आणि हे जुनं गच्चीवरच्या टिनाखाली गेलं. मागच्या महिन्यात नव्या मशीनचा सर्किट बोर्ड गेला. दुरुस्तीचा आकडा ऐकून बाबा एवढंच म्हणाले, "एवढ्यात तर कूलर येते." म्हणून मग सीताबर्डीच्या मोदी नंबर दोनमधून एका मेकॅनिकभाऊंना स्कूटरवर मागे बसवून आणलं. हे गृहस्थ उन्हाळ्यात कूलरच्या मोटरी बांधतात आणि पावसाळ्यात वॉशिंग मशीन. त्यांनी मागचं पत्र्याचं झाकण उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "याले काई झालं नाही भाऊ. उंदरानं वायर खाल्ली अन् टायमर अडकला. तीनशे रुपये टायमरचे अन् माझे दोनशे."

पाचशे रुपये! मी रोज ज्या सिस्टीमवर काम करतो तिथे पाचशे रुपयांत एक मीटिंगसुद्धा होत नाही :-)

जुना टायमर मी त्यांच्याकडून मागून घेतला आणि स्क्रू काढून उघडला. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची चार, अशा आठ वर्षांत एवढी सुंदर गोष्ट मी फार कमी वेळा पाहिली आहे.

बाहेरून ती फक्त एक गोल खुंटी आहे. पंधरा मिनिटांवर फिरवली की टर्रर्र आवाज करत उलटी येते. आपण खुंटी फिरवतो तेव्हा आत एक स्प्रिंग गुंडाळली जाते, भिंतीवरच्या चावीच्या घड्याळासारखी. स्प्रिंग सुटायला लागली की दातेरी चाकं फिरतात आणि त्यांच्याबरोबर प्लास्टिकच्या उंचवटे-खाचा असलेल्या दोन-तीन चकत्या. चकतीवर पितळी पट्टी टेकलेली असते. उंचवटा आला की संपर्क जुळतो, खाच आली की तुटतो. झालं! कपडे थोडा वेळ उजवीकडे, मग क्षणभर थांबून डावीकडे, हा सगळा प्रोग्रॅम त्या चकतीच्या कडेवर कोरलेला आहे. आम्ही ज्याला लूप म्हणतो तो इथे खरोखरच गोल आहे.

मोटर उलटी कशी फिरते, हा त्याहून भारी भाग. मोटरमध्ये तांब्याच्या तारेची अगदी एकसारखी दोन वेटोळी असतात आणि त्यांच्यामध्ये एक कपॅसिटर (मेकॅनिकभाऊंच्या भाषेत कंडेन्सर). वीज थेट पहिल्या वेटोळ्याला दिली की दुसऱ्याला ती कपॅसिटरमधून, थोडी पुढे सरकून मिळते आणि मोटर एका दिशेने फिरते. थेट दुसऱ्याला दिली की भूमिका बदलतात आणि मोटर उलटी फिरते. म्हणजे दिशा बदलायला लागते फक्त एक पितळी पट्टी, इकडून तिकडे. मधला तो क्षणभराचा थांबा उगाच नाही. फिरती मोटर एकदम उलटी वळवली तर तिच्यावर आणि बेल्टवर ताण येतो, म्हणून आधी तिला थांबू द्यायचं. कॉलेजात ही मोटर मला पाच मार्कांना आली होती आणि मी ती ऑप्शनला टाकली होती.

आणखी एक गंमत. टबाच्या तळाशी जी चकती फिरते तिच्या खालच्या बाजूलाही पाती असतात. वरची बाजू कपडे घुसळते आणि खालची बाजू पाणी कडेच्या नळीतून वर फेकते. ते पाणी जाळीच्या छोट्या पिशवीतून परत टबात पडतं आणि कपड्यांचे धागे-लव पिशवीत अडकतात. वेगळा पंप नाही, वेगळी मोटर नाही, एकाच चकतीकडून दोन कामं. पाणी काढायलाही पंप नाही. खुंटी फिरवली की आत एक पट्टा रबरी बूच उचलतो आणि पाणी आपल्या वजनाने खाली जातं.

शेजारचा छोटा टब, ज्याला घरोघरी ड्रायर म्हणतात, तो थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेला असतो. मध्ये बेल्ट नाही की गिअर नाही. मिनिटाला साधारण १३५० फेरे आणि १२ सेंटिमीटर त्रिज्या धरून मी तिथेच मोबाईलवर गणित केलं. कडेला चिकटलेल्या बनियनवर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ २४० पट जोर येतो! मोठ्या एका टबाच्या ऑटोमॅटिक मशीनची त्रिज्या दुप्पट धरली आणि फेरे ७०० धरले, तर हा आकडा १३० च्या आसपास येतो. म्हणजे पिळायच्या बाबतीत हा डबा अजूनही बाप आहे. आणि झाकण उचललं की एक स्विच वीज तोडतो आणि त्याच हालचालीत एक वायर ब्रेक ओढते. सायकलचा असतो तसाच ब्रेक.

हे सगळं आलं कुठून? अमेरिकेत मशीनचा वंश वेगळा. तिथे टबाच्या मधोमध उभा दांडा, त्याला पंख, आणि तो अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. मेटॅग कंपनीने १९२२ मध्ये असं मशीन आणलं आणि पुढे अनेक दशकं अमेरिकन घरांतून हाच दांडा घुसळत राहिला. त्यांच्याही युक्त्या कमी नव्हत्या. मेटॅगच्या नंतरच्या मशीनमध्ये मोटर एका दिशेने फिरली तर कपडे धुतले जात आणि उलटी फिरली तर पिळले जात. काय करायचं हे मोटरच्या दिशेवरूनच ठरायचं. ही मशीनं इतकी टिकाऊ म्हणून प्रसिद्ध होती की १९६७ पासून त्यांच्या जाहिरातींत काम नसल्यामुळे कंटाळलेला, एकटा बसलेला मेकॅनिक दाखवत.

आपल्याकडे आलेला वंश मात्र ब्रिटन आणि जपानमार्गे आला. हूवरने १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये टबाच्या भिंतीवर छोटी फिरती चकती बसवलेलं मशीन काढलं. जपानमध्ये सान्यो कंपनीच्या तोशिओ इउए यांनी ते तत्त्व उचललं आणि १९५३ मध्ये स्वतःचं मशीन बाजारात आणलं, किंमत २८,५०० येन. आधीच्या दांडेवाल्या जपानी मशीनच्या जवळपास निम्मी. त्याच सान्योने १९६० मध्ये शेजारी पिळायचा दुसरा टब जोडला. छोटी घरं, कमी जागा, महाग पाणी, साबणाचं पाणी दुसऱ्या घाण्यालाही वापरायची सवय. ओळखीचं वाटतंय ना?

भारतात हे घरोघरी पोचलं ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात. टीव्हीएस आणि व्हर्लपूल यांची भागीदारी १९८७ ची, कारखाना पाँडिचेरीला. पण मराठी माणसाच्या डोळ्यासमोर येते ती औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन. दूरदर्शनवरची तिची ती इंग्रजी गाण्याची जाहिरात माझ्या जन्माआधीची, पण आईला अजून चालीसकट पाठ आहे. एके काळी घराघरात असलेली ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. काही घरांतली मशीनं कंपनीपेक्षा जास्त जगली म्हणायची.

आणि नागपूर! इथे १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. कापड मशीनवर विणलं जायला लागलं तेव्हापासून ते कापड मशीनमध्ये धुतलं जायला शंभराहून जास्त वर्षं जावी लागली. मध्यंतरी धुतलं कोणी, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

माझ्या लहानपणी या मशीनचं खरं सामर्थ्य दिसायचं लोडशेडिंगमध्ये. लाईन गेली तरी टायमर आपला टर्रर्र करत चालू! त्याला विजेशी काही देणंघेणंच नाही, तो स्प्रिंगवर चालतो. लाईन येईपर्यंत पंधरा मिनिटं संपलेली असायची आणि कपडे तसेच साबणाच्या पाण्यात. तुम्ही म्हणाल हा दोष झाला. झालाच. पण लाईन येताना व्होल्टेजचा जो झटका यायचा, त्यात जळायला त्या टायमरमध्ये काही नव्हतंच.

तर गच्चीवर हे सगळं मी आईला सांगत होतो. मेकॅनिकभाऊ चहा पिऊन गेले होते. माझ्या हातात उघडलेला टायमर आणि तोंडात "काय डिझाइन होतं गं पूर्वी, आता असं कोणी बनवत नाही" वगैरे चालू होतं. हे वाक्य मुळात चूक आहे, कारण दोन टबांची मशीनं आजही दुकानात नवी मिळतात आणि भरपूर खपतात. शिवाय जी टिकली तीच आपल्याला दिसतात, गंजून भंगारात गेलेल्यांवर कोणी लेख लिहीत नाही. पण आईने वेगळंच काढलं.

"तू कधी लावली का रे ही मशीन?"

नव्हती लावली. एकदाही नाही.

"मग तुले काय माहीत," ती म्हणाली. एरवी आई शुद्ध बोलते, चिडली की तिच्या माहेरचं तुले-मले बाहेर येतं.

मग तिने सांगितलं ते असं. मशीन येण्याआधी आमच्याकडे धुणंभांडी करायला एक मावशी यायच्या. मला त्या भांड्यांच्याच आठवतात. मशीन आलं आणि त्यांना सांगितलं गेलं की आता फक्त भांडी. पैसे निम्मे झाले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी मशीनभोवती एक चक्कर मारून विचारलं, "हे पिळते बी का?" आणि हो म्हटल्यावर भांडी घासायला बसल्या.

"अन् धुणं आलं माझ्याकडे," आई म्हणाली. "बाई होती तोवर मी धुण्याला हात लावत नव्हती. मशीन आली अन् सगळ्यांना वाटलं काम संपलं. नळ सकाळी दीड तास. तेवढ्यात टब भरा, पंधरा मिनिटं उभी राहा, पाणी सोडा, पिळा, परत भरा, खंगाळा, परत पिळा. चादरी पण रोज बदलायला लागल्या, कारण काय, मशीन आहे!"

इथे मी गप्प. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये अमेरिकन घरांबद्दल अख्खं पुस्तक लिहून नेमकं हेच मांडलं होतं. यंत्रांनी कष्ट कमी केले, पण नोकर, धोबी, घरातले इतर अशा सगळ्यांची कामं एका बाईकडे गोळा झाली आणि स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या. हान्स रोस्लिंगचं २०१० मधलं वॉशिंग मशीनवरचं भाषण ऑफिसात सगळ्यांनी पाहिलेलं असतं, मशीनमध्ये कपडे टाकले आणि बाहेर पुस्तकं आली असं काहीसं. मलाही ते फार आवडतं, आणि ते खोटं आहे असं आईचंही म्हणणं नाही. हातांना पडणाऱ्या भेगा थांबल्या, पावसाळ्यात जीन्स चार दिवस ओल्या राहायच्या त्या थांबल्या, हे तीच सांगते. पण स्वीडनमध्ये ते मशीन स्वतःच पाणी घेत होतं आणि नळाला दिवसभर पाणी होतं. आमच्या मशीनमध्ये या टबातून त्या टबात ओले कपडे टाकणारा भाग म्हणजे माझी आई होती. एवढं हुशार डिझाइन स्वस्तात कसं बसलं, याचं उत्तर त्या टायमरमध्ये जितकं आहे तितकंच यातही आहे.

"मग विकून टाकू?" मी विचारलं.

"वेडा आहेस का? चालतीय नं ती."

शेवटी असं ठरलं की नवं मशीन दुरुस्त होईस्तोवर (आणि बहुतेक नंतरही) रविवारचं धुणं माझ्याकडे. त्या मावशींचं नंतर काय झालं ते मी विचारलं. दोन वर्षांनी त्या मुलाकडे वर्ध्याला गेल्या, एवढंच आईला माहीत होतं.

काल माझी पहिली पाळी झाली. नळ येतो साडेसहाला, म्हणजे रविवारी साडेसहाला उठलो. टर्रर्र ऐकत उभा राहिलो. पाणी सोडताना पाईप बादलीत धरायचा, त्या पाण्याने गच्ची धुवायची, हे सांगितलं गेलं. कपडे ड्रायरमध्ये टाकले, झाकण लावलं, खुंटी फिरवली आणि दोनशे चाळीस पट जोराने सगळं मशीन धाडधाड नाचत गच्चीच्या मोरीकडे निघालं. खालून आई ओरडली,

"अरे, कपड्यांवर ती जाळीची चकती दाबली का?"

नव्हती दाबली.