रुंद चाकांचा हव्यास

लष्करी छावणीचे १९४९ साली गाव झाले, ते आमचे उल्हासनगर. तिथल्या कॅम्प नंबर ३ मध्ये माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी मोटार आली. मालकाला तिला रुंद चाके हवी होती. "सर, बसवू का?" असे त्याने मला विचारले. मास्तरला सगळे ठाऊक असते, ही समजूत अजून त्याच्या मनातून गेलेली नाही!

हा हव्यास जुनाच. १९४५ साली निघालेल्या एमजी टीसी या इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटारीची चाके १९ इंची, सायकलीसारखी सडपातळ. टायर अवघा साडेचार इंची. १९५० मध्ये तिची धाकटी बहीण टीडी आली, ती १५ इंची चाकांवर साडेपाच इंची टायर चढवून. म्हणजे चाक लहान आणि टायर रुंद, ही हौस कारखान्यानेच केली. पण त्यासाठी सांगाडा बदलला, पुढचे सस्पेन्शन नवे घडवले. हौशी मंडळी नेमके हेच विसरतात. रिम बाहेर सरकली की बेअरिंगवर ताण येतो, आणि साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो.

मी म्हटले, "एक चाक बसव आणि स्टीअरिंग पुरते फिरव." टायर मडगार्डला घासला. त्याने काम नाकारले. मालकाने आगाऊ रक्कम परत मागितली; ती त्याने दिली. गॅरेजचे त्या महिन्याचे भाडे मात्र अजून थकलेलेच आहे.