बाकावरचे रोगी आणि नर्सबाई

आपल्या साकोलीवरून मुंबई–कोलकाता हमरस्ता जातो आणि भोवताली धानाच्या बांध्या आहेत. तेव्हा अशा गावच्या सरकारी दवाखान्यात रात्री-अपरात्री कोण येणार, हे सांगायला नको. कोणी गाडीखाली सापडलेला, कोणी साप डसलेला. डॉक्टर आत एकाची जखम शिवत असतात. बाकीचे बाहेर बाकावर. त्या बाकाचा कारभार नर्सबाईच्या हाती. तिच्याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

आलेल्यांत आधी कोणाला घ्यावे, हा प्रश्न जुनाच. नेपोलियनच्या फौजेत लारे नावाचा शस्त्रवैद्य होता. हुद्दा पाहू नका, जखम पाहा, असा त्याचा दंडक. पुढे या रीतीला ‘त्रियाज’ हा फ्रेंच शब्द रूढ झाला. अर्थ एवढाच, की निवडणे. सुपात तांदूळ निवडतो ना, तसे.

आपल्याकडे हुद्द्यापेक्षा जात आडवी येई. १८९७ साली पुण्यात प्लेग उसळला, तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ, वस्तीपासून दूर, दवाखाना घातला. मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तीत एक मुलगा प्लेगने पडल्याचे कळताच बाईंनी त्याला पाठीवर घालून तेथे आणले. मुलगा जगला, बाईंना मात्र प्लेगने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या काही शिकलेल्या नर्स नव्हत्या, शिक्षिका होत्या, हे गुरुजींनी मुद्दाम ध्यानात घ्यावे.

पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि तेथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. घरंदाज बाईने परक्याच्या अंगाला हात लावावा, हे तेव्हा लोकांना सोसत नव्हते. आज तिलाच आपण ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणून हाका मारतो.

धीर देणे म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले. परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या वॉर्डातल्या वीस गरोदर बायांना एका लहानशा खोलीत हलवले. त्यांतल्या एकीला कळा लागल्या, तेव्हा गोळीबार चालू असता तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात पोहोचवले.

पण रोजची परीक्षा याहून मुकी असते. घोणस डसलेल्याचे रक्त कोरड्या काचनळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही, तर विष रक्तात भिनले असे समजतात. ती वीस मिनिटे घरच्यांना युगासारखी वाटतात. मण्यारीचे तर विचारूच नका. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री डसते. दुखत नाही, खूणही बहुधा दिसत नाही. पहाटे पोट दुखते म्हणून माणूस येतो आणि बाकावर गुमान बसतो. म्हणून सोबत्याने सिस्टरला आधी सांगावे, हा रात्री कुठे निजला होता, केव्हापासून असा आहे. ओरडणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. कोपऱ्यातला मात्र म्हणतो, ‘काही नाही बाई, झोप येते.’ ती त्याला वर पाहायला सांगते. पापणी उचलत नाही. तशी ती त्याला धरून थेट आत नेते, आणि रांगेतले लोक मागून कुरकुरतात, की आमचा नंबर आधी होता.