घटमाला : एका शब्दाचा इतिहास

वीज गेली तरी संगणक चालू ठेवणाऱ्या यूपीएसमधील बॅटरीला आपल्या परिभाषेत 'विद्युत् घटमाला' म्हणतात. मी भाषेचा अध्यापक. मला हा शब्द मूळ इंग्रजी शब्दाहून सरस वाटतो. तिथे तोफांची रांग आहे, इथे रहाटाची घटमाळ.

घटमाला ही विजेच्या तारांची राखणदार, असा आपला समज. इतिहास उलट आहे. व्होल्टाने १८०० मध्ये जस्त-चांदीच्या चकत्यांची चळत जगापुढे मांडली, तेव्हा वीजकेंद्र कुठेच नव्हते. १८५५ साली भारतात तारसेवा जनतेस खुली झाली, तीही घटांच्याच बळावर. रिता होऊन पुन्हा भरणारा शिसे-आम्लाचा घट प्लांतेने १८५९ मध्ये सिद्ध केला.

असा एक घट सुमारे २ व्होल्टचा. सहा ओवले की १२. बारा व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या एकसर जोडल्या, म्हणजे एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकास, तर ४८ व्होल्ट मिळतात, अँपिअर-तास शंभरच राहतात. समांतर जोडल्या तर व्होल्ट बाराच, अँपिअर-तास चारशे. साठा दोन्हीकडे तेवढाच! एकसर माळेत मात्र एक दुबळा घट साऱ्यांना अडवतो. तोच आधी रिता होतो.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या पाण्याने तापी सुरतेत शिरली, तेव्हा आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील चार बॅटऱ्या बुडाल्या. दोनच बदलाव्यात, असा काही रहिवाशांचा आग्रह होता. कारागिराने तो मानला नाही. चारही नव्या घेऊन त्याने त्या दुसऱ्या मजल्यावर मांडल्या.