परळचे उंदीर आणि पेशींचा शेजार

१९४०चे दशक शिकवताना आम्ही मर्ढेकरांच्या उंदरांपाशी हटकून थांबतो. यंत्रयुग, महानगर, मानवी अस्तित्वाची विफलता हे सारे यथासांग सांगून होते. त्याच दशकात, त्याच मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत एक मराठी स्त्री खऱ्याखुऱ्या उंदरांच्या स्तनग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होती, हे मात्र आम्हाला एम. ए.च्या वर्गात कोणी सांगितले नाही. आणि पुढे इतकी वर्षे नाशकात शिकवताना आम्हीही ते कोणाला सांगितले नाही.

कमल रणदिवे (पूर्वाश्रमीच्या समर्थ) यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. हुजूरपागा, फर्ग्युसन, मग शेतकी महाविद्यालय अशी त्यांची वाट. एम. एस्सी.चा विषय सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशीशास्त्र. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली.

उंदराच्या काही वाणांत स्तनाचा कर्करोग वारंवार उद्भवतो, काहींत क्वचित. असे का, हा त्यांचा प्रश्न. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवले होते, की रोगप्रवण वाणाची पिल्ले दुसऱ्या वाणाच्या मादीच्या अंगावर वाढवली तर रोगाचे प्रमाण घटते. म्हणजे रोगाचे काही कारण दुधावाटे उतरते. आईचे दूध म्हणताच ज्या भाषेला वात्सल्याखेरीज दुसरे काही सुचत नाही, त्या भाषेच्या अध्यापकांना हे वाचून किंचित दचकायला होते. तो ‘दुग्धघटक’ पुढे विषाणू ठरला. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधातून स्तनाचा कर्करोग कसा घडतो, हे ओळखणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत रणदिवे यांची गणना होते.

या विषाणूची पुढची कथा परळात घडली नाही. १९८२ साली रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांना आढळले, की हा विषाणू उंदराच्या पेशीतील एका विशिष्ट जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि त्याला जागे करतो. तेच जनुक पुढे ‘डब्ल्यूएनटी’ या वाढीच्या संदेशमार्गाचे आद्य जनुक म्हणून प्रसिद्ध झाले. या मार्गाचा निरोप्या बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन. गंमत अशी, की याच प्रथिनाचे दुसरे काम पेशीला पेशीशी जोडून ठेवण्याचे आहे. पेशींच्या सीमेवर ई-कॅडहेरिन हे चिकटवणारे प्रथिन असते आणि त्याच्या आतल्या टोकाला बीटा-कॅटेनिन बांधलेले असते. वाढीचा संदेश आला, की पेशीत मोकळे असलेले बीटा-कॅटेनिन नष्ट होण्याचे थांबते, ते केंद्रकात शिरते आणि वाढीची जनुके चालू करते. शेजार सांभाळणारा आणि वाढीची वर्दी देणारा असा एकच गडी दोन घरी राबतो.

हिशेब मात्र इतका सरळ नाही. माणसाच्या स्तनकर्करोगास असा विषाणू कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. शिवाय ‘लोब्युलर’ प्रकारच्या स्तनकर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा नाहीसे होते, पेशी सुट्या होऊन एकामागोमाग ओळीने ऊतीत शिरतात. पण तेथे बीटा-कॅटेनिन सहसा केंद्रकात साचलेले दिसत नाही, तेही उणावते. बंध तुटला म्हणजे तोच संदेश सुटला, असे म्हणण्याची सोय नाही.

रणदिवे यांच्याकडे परत येऊ. पीएच. डी.नंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकल्या. ‘हेला’ या विख्यात पेशी १९५१ साली याच प्रयोगशाळेत वाढल्या. मुंबईस परतून भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवण्याची ती विद्या. तिच्यावाचून पुढचे काहीच शक्य नव्हते, तरी तिची एक मर्यादा होती: सपाट काचेवर पेशीला तिचा शेजार मिळत नाही. १९९७ साली कॅलिफोर्नियात मीना बिसेल, व्हॅलेरी वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगी स्तनपेशी मऊ, त्रिमितीय आधारद्रव्यात वाढवल्या आणि पेशीला त्या द्रव्याशी जोडणारे बीटा-१ इंटिग्रिन प्रतिपिंडाने अडवले. बेबंद वाढणाऱ्या पेशी पुन्हा शिस्तीने गोल रचना करू लागल्या. जनुकांतले दोष होते तसेच होते. पुढच्याच वर्षी त्याच गटाने दाखवले, की हे इंटिग्रिन आणि वाढीचा संदेश घेणारे ईजीएफ-ग्राहक एकमेकांना बांधलेले आहेत. एक दाबले, की दुसरेही दबते.

रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना उभारण्यात १९७३ साली त्यांचा पुढाकार होता. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात त्या १९८९ च्या सुमारास, म्हणजे सत्तरीनंतर, आल्या. ‘सत्यनिकेतन’ या संस्थेच्या आधाराने आदिवासी बालकांच्या पोषणाच्या नोंदी करू लागल्या. तेव्हा आमच्यापैकी काही जण शाळेत होते. घोटीहून अकोल्याला जाणारी एस.टी. आम्हाला ठाऊक होती, कळसूबाई ठाऊक होती. तिच्या पायथ्याकडच्या गावांत कोण येऊन मुले तपासते आहे, याचा मात्र पत्ता नव्हता.