इंग्रजी वाक्यांचे साचे

इंग्रजी क्रियापद आपल्याबरोबर कोणते घटक घेते आणि ते कोणत्या क्रमाने मांडते, हे दाखवणाऱ्या ठरावीक वाक्यरचना. इंग्रजीतली वाक्ये अगणित असली, तरी त्यांच्या मुळाशी मोजकेच साचे असतात. रॅन्डॉल्फ क्वर्क आणि त्यांचे सहकारी यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बृहद् व्याकरणात मूळ उपवाक्यांचे सात प्रकार मानले आहेत. मराठी भाषकाला इंग्रजी शिकताना जी अडचण येते ती शब्दसंग्रहापेक्षा या साच्यांची अधिक असते.

हे साचे रोजच्या वापरात कसे भेटतात, याचे एक उदाहरण म्हणजे घणसोलीलगतचे तळवली, नवी मुंबईतील मूळ गावठाणांपैकी एक. ठाणे–बेलापूर रस्ता, त्याच्या पूर्वेचे टीटीसी औद्योगिक क्षेत्र आणि ठाणे–वाशी रेल्वेमार्ग यांमुळे या भागात आगरी बोली, प्रमाण मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच दिवसात कानावर पडतात. फलाटावरची उद्घोषणा, कारखान्याच्या फाटकावरची पाटी, भाड्याच्या खोलीची जाहिरात, मुलाखतीतला प्रश्न असे इंग्रजीचे साचे येथे रोज भेटतात. पुढील उदाहरणे अशाच वापरातल्या धर्तीची असून उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

क्रम आणि विभक्ती. मराठीत शब्दाचे वाक्यातले काम प्रत्ययावरून कळते. ‘बसने रिक्षेला धडक दिली’ आणि ‘रिक्षेला बसने धडक दिली’ या दोन्ही वाक्यांत धडक देणारी बसच. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय नाहीत, म्हणून ते काम जागा करते. ‘द बस हिट द रिक्षा’ आणि ‘द रिक्षा हिट द बस’ या वाक्यांत शब्द तेच, पण दोषी बदलला. मराठीत क्रियापद साधारणपणे शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. आणखी एक भेद क्रियापदाच्या रूपाचा आहे. ‘तिने पत्र लिहिले’ आणि ‘तिने चिठ्ठी लिहिली’ येथे मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘रोट’ हेच रूप राहते. वर्तमानकाळात मात्र कर्ता पाहावा लागतो : ‘आय राइट’, पण ‘शी राइट्स’.

सात मूळ साचे

1. कर्ता + क्रियापद : ‘द लोकल अराइव्ह्ड.’ क्रियापद स्वयंपूर्ण आहे, त्याला कर्म लागत नाही.

2. कर्ता + क्रियापद + कर्म : ‘शी नोज मराठी.’ सर्वांत अधिक आढळणाऱ्या साच्यांपैकी हा एक.

3. कर्ता + क्रियापद + पूरक : ‘माय ब्रदर इज अ फिटर.’ पूरक हे कर्त्याचेच वर्णन करते. रेल्वेच्या पाट्यांवरील ‘टिकेटलेस ट्रॅव्हल इज अ सोशल इव्हिल’ हे वाक्य याच साच्यातले.

4. कर्ता + क्रियापद + स्थल-काळवाचक : ‘द स्कूल इज बिहाइंड द टेंपल.’ शेवटचा भाग काढला तर वाक्य अपुरे राहते.

5. कर्ता + क्रियापद + दोन कर्मे : ‘द क्लार्क गेव्ह हर अ रिसीट.’ ज्याला द्यायचे तो आधी, जे द्यायचे ते नंतर. हा क्रम उलटला की ‘टू’ घालावे लागते : ‘द क्लार्क गेव्ह अ रिसीट टू हर.’

6. कर्ता + क्रियापद + कर्म + पूरक : ‘पीपल कॉल हिम अण्णा.’ ‘दे पेंटेड द गेट ग्रीन.’ येथे पूरक कर्माविषयी सांगते.

7. कर्ता + क्रियापद + कर्म + स्थलवाचक : ‘ही पुट द सिलिंडर इन द किचन.’ ‘पुट’ म्हटले की कुठे ठेवले हे सांगावेच लागते.

मोठी दिसणारी वाक्येही यांतच बसतात. ‘द ट्रेन अरायव्हिंग ऑन प्लॅटफॉर्म नंबर वन इज अ स्लो लोकल फॉर पनवेल’ हा तिसराच साचा. ‘द ट्रेन’पासून ‘वन’पर्यंतचा सगळा भाग कर्ता आहे आणि ‘इज’नंतरचा पूरक.

साच्यांची रूपांतरे. आज्ञार्थात कर्ता गळतो : ‘स्टिक नो बिल्स’, ‘प्लीज माइंड द गॅप’. कर्मणी रचनेत कर्म कर्त्याच्या जागी येते. नियम आणि ताकीद यांच्या भाषेला करणाऱ्याचे नाव सांगायचे नसते, म्हणून ती ही रचना पसंत करते : ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड’, ‘पार्किंग इज प्रोहिबिटेड’. प्रश्नात साहाय्यक क्रियापद कर्त्याआधी जाते, आणि ते नसेल तर ‘डू’ उभे करावे लागते : ‘डज धिस बस गो टू वाशी?’ मराठीत ‘का’ जोडून किंवा नुसता सूर चढवून प्रश्न होतो. त्यामुळे ‘धिस बस गोज टू वाशी?’ असे विचारले जाते. बोलताना ते समजते, लेखनात आणि परीक्षेत चालत नाही. ‘वॉन्टेड हेल्पर्स’, ‘रूम ऑन रेंट’ या पाट्यांवरच्या रचना पूर्ण वाक्ये नसून त्यांचे संक्षेप आहेत.

मराठीत कर्ता वेगळा, इंग्रजीत वेगळा. भूक, तहान, आवड, आठवण, गरज यांविषयी बोलताना मराठी माणूस ‘मला’ने सुरुवात करतो. इंग्रजी त्या अनुभवणाऱ्यालाच कर्ता करते. ‘मला भूक लागली’ म्हणजे ‘आय ॲम हंग्री’, ‘मला चहा आवडतो’ म्हणजे ‘आय लाइक टी’, ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणजे ‘आय हॅव टू ब्रदर्स’. येथेच ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही सर्रास ऐकू येणारी चूक होते. नाते, मालकी, ज्ञान दाखवणारी क्रियापदे सहसा चालू काळात येत नाहीत. शिवाय इंग्रजी विधानाला कर्ता लागतोच. तो नसेल तर ‘इट’ किंवा ‘देअर’ ती जागा भरते : ‘इट इज रेनिंग’, ‘देअर इज नो वॉटर टुडे’.

क्रियापदागणिक साचा. अर्थ जवळचा म्हणून साचाही तोच असेल असे नाही. ‘टेल मी द मीनिंग’ बरोबर, पण ‘एक्सप्लेन मी द मीनिंग’ चूक. तेथे ‘एक्सप्लेन द मीनिंग टू मी’ हवे. ‘द डॉक्टर टोल्ड मी टू रेस्ट’ चालते. ‘सजेस्टेड मी टू रेस्ट’ चालत नाही, ‘सजेस्टेड दॅट आय रेस्ट’ असे म्हणावे लागते. ‘डिस्कस’ थेट कर्म घेते, त्यापुढे ‘अबाउट’ लागत नाही. ‘वॉन्ट’पुढे ‘टू गो’ येते, ‘एन्जॉय’पुढे ‘गोइंग’. हे नियम तर्काने काढता येत नाहीत, क्रियापदाबरोबरच पाठ करावे लागतात.

अध्यापनाचा इतिहास. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. पुढे इंग्रजी शिकणाऱ्या मराठी पिढ्यांच्या हाती तर्खडकर भाषांतर पाठमाला आली. नियम, शब्द आणि दोन्ही बाजूंनी भाषांतराची वाक्ये ही तिची पद्धत. क्रियापदांचे साचे शब्दकोशात नोंदवण्याचे काम ए. एस. हॉर्न्बी यांनी केले. जपानमध्ये शिकवतानाच्या अनुभवातून त्यांनी तयार केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. 1954 च्या त्यांच्या मार्गदर्शक ग्रंथात क्रियापदांचे 25 साचे दिले आहेत. भारतात स्वातंत्र्यानंतर शालेय इंग्रजीत रचनाप्रधान पद्धत रुजली आणि 1958 मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था सुरू झाली. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी हा विषय सर्व माध्यमांत आला.

उपयोग आणि मर्यादा. साचे नुसते घोकले तर विद्यार्थ्याला परीक्षेत गुण मिळतात, पण फलाटावर तोंड उघडत नाही. नुसते ऐकत राहिले तर बोलणे सुरू होते, पण मराठीची घडण इंग्रजीत तशीच उतरते. म्हणून परिसरात भेटलेले वाक्य टिपावे, त्यातले क्रियापद शोधावे, त्याचा साचा ओळखावा आणि त्याच साच्यात आपल्या गरजेची वाक्ये रचावीत. घरी इंग्रजी बोलणारे कोणी नसलेल्या विद्यार्थ्याला ही वाट शिकवणीच्या शुल्काशिवाय खुली आहे, आणि मराठीचे व्याकरण ज्याला नीट कळते त्याला ती अधिक सोपी जाते. शाळेत मराठी आणि इंग्रजी वाक्यरचना शेजारी ठेवून शिकवणे हाच साच्यांच्या या अडचणीवरचा योग्य मार्ग आहे.