अपुरी प्रतिकारभरपाई (एचआयव्ही)

एचआयव्हीची औषधे नेमाने घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, तरी सीडी४ पेशी (रोगप्रतिकार सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) पुरेशा न वाढण्याची अवस्था. निरोगी प्रौढात दर घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. काही रुग्णांत उपचार वर्षानुवर्षे चालूनही २००-३०० वरच घुटमळतात. रिपोर्टवर एक आकडा पास, दुसरा नापास! गोळ्या चुकल्याचा संशय मग उगाच रुग्णावर येतो.

खरा घात बहुधा उशिराचा. पेशी फार घटल्यावर उपचार सुरू झाले, तर लसिकाग्रंथींत व्रण-ऊती साचलेली असते, आतड्याचे अस्तर झिरपू लागलेले असते. उतारवयात या पेशी घडवणारी थायमस ग्रंथीही थकलेली.

२०० च्या खाली न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, १०० च्या खाली क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर यांची भीती वाढते. क्षयरोग मात्र आकड्याची वाट पाहत नाही. शिवाय शरीरात धुमसत राहणाऱ्या दाहामुळे हृदयविकार, यकृतविकार आणि काही कर्करोगांचा धोका वाढतो.

नुसता आकडा फुगवून भागत नाही. प्रतिकारपेशींना वाढायला लावणाऱ्या इंटरल्युकिन-२ या प्रथिनाच्या इंजेक्शनांनी सीडी४ वाढले. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एस्प्रिट' आणि 'सिल्कॅट' चाचण्यांत आजार वा मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून अशा रुग्णांची मूळ औषधे चालूच ठेवतात, न्यूमोसिस्टिससारखे संसर्ग टाळणारी कोट्रायमोक्सॅझोलची गोळी लवकर थांबवत नाहीत आणि दर भेटीत खोकला, ताप, वजनाची विचारपूस होते.